माळावर समुद्राचं घर

छप्पर पडतं, एवढंच आम्हाला माहीत होतं. आमच्या गावात तेव्हा बहुतेक घरं धाब्याची. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडाच्या तुळया, तुळयांवर काटक्या आणि त्यावर हातभर पांढरी माती. दरसाल पावसाच्या आधी अख्खं गाव पाट्या डोक्यावर घेऊन माती वर चढवायचं, आणि दरसाल कुणाच्या तरी घरी ती माती तुळईला भारी व्हायची. माझी चुलती अशीच गेली. दळायला बसली होती, वर काय झालं ते तिला कळलंही नाही. मी गवंडीकाम शिकलो मामाकडं, आणि मामानं शिकवलं ते एकच, भिंत जाड, तुळई जाड, मग झोप गाढ. घर म्हणजे वरनं येणारं वजन आणि खालनं त्याला दिलेला टेकू. ह्याच भीतीत मी वाढलो आणि तीच मला कामाला आली. माझी भिंत कधी हलली नाही. पण अख्खं छप्पर तुळईसकट वरही जातं, कागदासारखं उचलून निघतं, हे मामाला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. हौसा असती तर म्हणाली असती, कशाला उकरून काढताय. हौसा माझी बायको. ती गेली त्याला आता आठ महिने झाले. उकरायला मी मोकळा आहे.

घर बांधायचं होतं मयेकर बाईंना. बाई मूळच्या कोकणातल्या, समुद्राकाठच्या. आमच्या शाळेत त्यांचं आयुष्य गेलं. मलाही त्यांनीच शिकवलं, म्हणजे तिसरीपर्यंत, पुढं मी शाळेकडं फिरकलोच नाही. लग्न केलेलं नव्हतं, भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. त्यांचं तिकडचं घर भावानं पाडलं आणि तिथं नवं बांधायला काढलं, तसं पत्र आलं त्यांना. पत्र आल्यावर बाई चार दिवस शाळेत आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या आणि गावाबाहेर माळावर जागा कुणाची आहे विचारायला लागल्या. मी नुकता मामापासून वेगळा झालो होतो. अख्खं घर माझ्या एकट्याच्या नावावर बांधायचं, असं काम तोवर मला मिळालेलं नव्हतं. बाईंनी मला खोलीवर बोलावलं.

खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेत पुस्तकं. मला वाटलं शाळेची असतील. पण सगळी एकाच गोष्टीची. एक समुद्राकाठी घर कसं बांधावं ह्याचं, एक तसल्या घरात संसार कसा करावा ह्याचं, एक नुसतं तिथली माणसं कशी राहतात, काय खातात, वारा फिरला की काय करतात ह्याचं. अशी दहा-बारा. पानं हाताळून मऊ झालेली, जुन्या लुगड्यासारखी. बाईंनी पहिलं पुस्तक माझ्यासमोर उघडलं. चित्रात उतरतं छप्पर, चारी बाजूंनी पडवी, पश्चिमेकडं सगळं उघडं. म्हणाल्या, "असं."

मी म्हणालो, "बाई, हितं पश्चिमेला समुद्र न्हाई. कुसळं हायती नुसती."

"वारा आहे ना," बाई म्हणाल्या. "डोळे मिटले की वारा कुठल्या गावचा ते कळत नाही."

पण पुढं त्यांनी जे केलं ते मला लागलं. पुस्तक माझ्या हातात न देता त्यांनी ते हौसासाठी दिलं. म्हणाल्या, तुझ्या बायकोला वाचता येतं, तिच्याकडून रोज थोडं वाचून घे. खरंच होतं ते. हौसा खर्डा गावची, चौथी शिकलेली, तिच्या घरात वाचायची सवय होती. मी अक्षर लावायला लागलो की एका ओळीला बिडी संपायची. पण खरं असलं म्हणून लागत नाही असं थोडंच आहे.

आमच्या घरात तेव्हा आई, मी, हौसा आणि एक शेळी. दुपारी आई ओसरीत सुपात धान्य घेऊन बसायची, मी भिंतीला टेकायचो आणि हौसा वाचायची. समुद्र आमच्यातल्या कुणीही पाहिलेला नव्हता. तिकडं म्हणे मिठाला पाणी सुटतं, दारं फुगून लागेनाशी होतात, खिळा वर्षात गंजून तुटतो. मासे वाळत घातले की बाईमाणसानं राखणीला बसायचं. हौसा वाचता वाचता थांबायची आणि स्वतःशीच हसायची. आई म्हणायची, "प्यायला पानी दीड कोसावरनं आनायचं, आन् हिकडं समुद्राची पोथी चाललीय." पण आईसुद्धा ऐकायची. सूप पाखडायचं थांबवून ऐकायची. संसाराचं पुस्तक तर हौसानं बाईंकडून मागूनच आणलं. त्यातलं बघून तिनं एकदा कसलंसं सुकटीचं कालवण केलं, नारळ नव्हता म्हणून शेंगदाण्याचं कूट घातलं. आईनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, उद्या हुलग्याचं शेंगोळं कर बाई, हे खायला माझ्याकडं होडी न्हाई. आम्ही तिघंही लई हसलो. त्या घरातलं हसू म्हटलं की मला तेवढंच आठवतं, कारण नंतरचे दिवस मी हसण्यासारखे ठेवले नाहीत.

भिंती छातीच्या वर गेल्या तेव्हाची गोष्ट. हौसा भाकरी घेऊन माळावर यायची, येताना पुस्तक पदराखाली. त्या दिवशी दोन बिगारी आणि माल कालवणारी एक बाई माझ्यासोबत जेवायला बसली होती. हौसानं पान उघडलं आणि सगळ्यांच्या देखत वाचलं. समुद्राकाठी वारा पडवीत शिरतो, त्याला निघायला वाट नसते, मग तो छप्पर खालून वर ढकलतो. म्हणून भिंतीचे वरचे चार थर राहिले असतानाच हातहातभर अंतरावर लोखंडी सळया पुराव्या, त्यांची टोकं वर मोकळी ठेवावी आणि छपराची तुळई बसली की तिच्यावरून वळवून घट्ट करावी. हौसा म्हणाली, "अवं, आपले चारच थर ऱ्हायल्यात ना?" तेवढ्यावर एक बिगारी दुसऱ्याला म्हणाला, "आता नवी गवंडीन आली बाबा, करनी टाका खाली." सगळे हसले. तीही हसली.

मी हसलो नाही. मी म्हणालो, "तू भाकरी वाढ. भिंतीचं माझं मी बघतो. तितं समुद्र हाय म्हनून लिवलंय ते."

तिनं पुस्तक मिटलं, भाकरी वाढली. ते पान तिनं पुन्हा काढलं नाही. चार थर मी दोन दिवसांत चढवले, एक सळई घातली नाही.

आता ज्याला आमचा भाग माहीत नाही त्याला सांगतो. आमच्याकडं पत्र्याचं घर केलं की पत्र्यावर दगड ठेवतात. लहान-मोठे, सापडतील तसे. दिसायला वाईट दिसतं, पण पत्रा जागचा हलत नाही. बाईंच्या घरावरही पत्राच होता, म्हणून मीही दगड जमवून ठेवले होते. बाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, माझ्या घरावर धोंडे नकोत, पुस्तकात कुठं आहेत धोंडे? शिवाय छपराला उतार एवढा की दगड टिकलाच नसता. म्हणजे पुस्तकातलं बांधणं मी घातलं नाही आणि आमच्यातलं बाईंनी घालू दिलं नाही. छप्पर भिंतीवर नुसतं ठेवलेलं होतं, डोक्यावर टोपी ठेवावी तसं.

चैत्र लागला. मी एकटाच माळावर पिंपातलं पाणी काढत होतो. कुसळांतून एक वावटळ आली, फार मोठी नाही, आपण अंगणात बघतो तसली. ती पश्चिमेच्या पडवीत शिरली आणि माझ्या डोळ्यांदेखत पडवीचं छप्पर वाशांसकट चार बोटं उचललं गेलं. भिंत आणि तुळई ह्यांच्यामधून पलीकडचं आभाळ दिसलं. मग धप्पकन ते खाली बसलं. सगळं पहिल्यासारखं. माझ्या हातातली बादली कलंडली ते मला पाय भिजल्यावर कळलं. आयुष्यभर मी वरनं खाली येणाऱ्याला भ्यालो, आणि हे खालनं वर गेलं.

दुरुस्ती म्हणजे काय, तर सगळे पत्रे उतरवायचे, वाशे उतरवायचे, वरचे चार थर फोडायचे. ते गावासमोर करायचं. मामा बघणार, बिगारी बघणार, बाई विचारणार आणि सगळ्यात पुढं हौसा उभी असणार. मी गप्प बसलो. म्हटलं बघू. ह्या बघूला काही अर्थ नसतो. भ्यालेला माणूस तेवढं एकच बोलतो.

सुट्टी लागली आणि बाई कोकणात निघाल्या, भावाकडून आपल्या वाटणीचा पलंग आणि भांडी आणायला. जाताना किल्ली हौसाच्या हातात दिली. नवं घर रिकामं ठेवू नये, मी येईपर्यंत तुम्ही दोघं राहा, चूल पेटती ठेवा, म्हणाल्या. हौसाला तेव्हा सातवा महिना लागत होता. तिच्या तोंडावर जे आलं ते बघून मला तिथंच सांगायला पाहिजे होतं. वर्षभर जे घर ती वाचत होती त्यात तिला राहायला मिळणार होतं.

मी नाना खोट्या गोष्टी काढल्या. माळावर साप आहेत म्हणालो. आई एकटी पडेल म्हणालो. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, खर्ड्याला निरोप धाडतो, तुझा भाऊ येईल न्यायला, म्हणालो. ती म्हणाली नवव्यात जाईन. मी म्हणालो आत्ताच जा. आई चुलीपुढून बोलली, "बायकूला घालवायची लई घाई झालीय रे तुला. काय दुसरी बघून ठिवलीस का माळावर?" हौसा तोंडाला पदर लावून हसली आणि गाठोडं बांधायला लागली, माळावर न्यायचं.

ते तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. तिनं त्या घरात काय काय केलं म्हणून सांगू. पुस्तकात पडवीत झोपाळा होता, तिनं दोरखंडाचा बांधून घेतला. खिडकीला जुन्या धोतराचा पडदा लावला आणि तो वाऱ्यानं फुगला की बघत बसायची. दुपारी पश्चिमेच्या पडवीतच पसरायची, तिथं वारा लागतो म्हणून. बरोबर तिथंच. मी म्हणायचो आत नीज. ती म्हणायची आत भट्टी आहे. पत्रा उन्हानं तापला की कट् कट् वाजायचा, उतरत्या उन्हात निवायला लागला की पुन्हा वाजायचा, आणि प्रत्येक कट्‌ला मी मान वर करायचो. खिळा कुठला आणि तुळई कुठली हे मला आवाजावरून कळायला लागलं. जेवताना घास हातात राहायचा. आता माझ्या नातवाच्या मोबाईलवर वादळ येणार म्हणून आदल्या दिवशी कळतं. तेव्हा माझं मीच बघायचो, दुपार कलली की पश्चिमेला बसायचो आणि आभाळाची कड काळी पडते का ते बघायचो. काळी पडली की वाशांना हात लावून बघायचो, निवळली की उद्यापर्यंत जगलो. तिला वाटत असेल नवरा मावळता सूर्य बघत बसतो. मला तरी तसं वाटत होतं की तिला तसं वाटतं.

वैशाखात एका दुपारी कड निवळली नाही. आधी वारा साफ पडला. सोबत माळावर आणलेल्या शेळीनं खाणं सोडलं. मग काष्टी गावाच्या बाजूनं मातीची भिंतच्या भिंत उठलेली दिसली, तांबडी, आणि ती चालत येत होती. हौसा पडवीत खाली बसून डाळ निवडत होती. पहिला झोत आला आणि डोक्यावरचे सगळे वाशे एकदम कण्हले, एखाद्या म्हाताऱ्यानं उठताना कण्हावं तसे. भिंतीवरून बारीक माती तिच्या ताटात पडली. मी तिच्या दंडाला धरलं.

"हौसा, ऊठ. भाईर चल. भिंतीत सळया न्हाईत. मी घातल्याच न्हाईत."

ती उठली. ताट खाली ठेवलं, सावकाश, डाळ सांडू नये म्हणून. म्हणाली, "ठावं हाय मला."

"ठावं हाय?"

"पान मीच वाचलं हुतं. भिंत पन मीच बघत हुते रोज, भाकरी घिऊन येत हुते तवा."

"मग ऱ्हायलीस कशाला हितं? पोटुशी बाई तू."

"तुमी कवा सांगताय ते बघत हुते."

एवढंच. आम्ही पळालो, म्हणजे मी तिला जवळजवळ उचलूनच नेलं. माळाच्या कडेला दगड रचून घातलेली ताल होती, कमरेएवढ्या बांधासारखी, तिच्या आडोशाला तिला बसवलं आणि मी तिच्यावर ओणवा झालो. शेळी दावं तोडून आमच्यातच शिरली. मग तो आवाज झाला. मी तसला आवाज पुन्हा ऐकला नाही, आणि सांगायलाही येत नाही. पश्चिमेचं सगळं छप्पर, वाशे, तुळई, पत्रे, एका अंगानं उघडलं, दार उघडतं तसं, आणि उभंच्या उभं वर गेलं. पत्रे वेगळे झाले आणि आमच्या डोक्यावरून गेले. एक पुढं बांधाच्या पलीकडं जमिनीत पात्यासारखा रुतला. पाऊस म्हणाल तर चार टपोरे थेंब. वारा गेला तेव्हा पडवीत तुळई पडलेली होती. तिच्याखाली ते डाळीचं ताट चेपून पत्रावळीसारखं झालं होतं. हौसानं ते पाहिलं आणि मग पोटावर दोन्ही हात ठेवले. तोवर नाही.

हौसा अशीच होती. भांडायची नाही, विचारायची नाही, मी सांगेपर्यंत वाट बघायची, मग त्यात जीव गेला तरी चालेल. मला ह्याचा राग यायचा आणि अजून येतो. पण मीच तिला त्या चार थरांच्या वेळी गप्प केलं होतं हेही खरं. ती जायच्या आधीच्या दिवाळीपासून तिच्या पोटात दुखायचं. उठताना चौकटीला धरायची, ते मला दिसायचं. मी विचारलं नाही. नगरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, किती दिवस दुखतंय आजी? तिनं माझ्याकडं बघितलं. मीच सांगेन म्हणून बघितलं. मला महिने मोजता येत होते, तरी मी म्हणालो, झाले थोडे दिवस. मी भ्यालो होतो. भ्यालेला माणूस खोटं बोलतो हे मला माळावरच कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं, पण ते छपरापुरतं.

बाईंना कळवायला पाहिजे होतं. तिसऱ्या दिवशी हौसा पत्र लिहायला बसली. मी सांगितलं, लिही, वादळ झालं, छप्पर गेलं, आम्ही सुखरूप आहोत. तिनं तेवढं लिहिलं आणि लेखणी माझ्यापुढं केली. म्हणाली, "फुडचं तुमी लिवा."

"मला कुटं येतंय."

"येतंय तेवढं लिवा."

अख्खी दुपार लागली मला. सळया घातल्या नाहीत. हौसानं वाचून दाखवलं होतं. मी ऐकलं नाही. अक्षरं कोंबडी चालून गेल्यासारखी आली होती. वाटलं बाई आता सगळ्या पंचक्रोशीत सांगतील, आणि मला कुणी वीट उचलायला देणार नाही. हौसानं ते वाचलं नाही, घडी घातली आणि पेटीत टाकायला स्वतः निघाली, त्या अवघडलेल्या अंगानं. मी मागं मागं. दर चार पावलांना वाटत होतं तिच्या हातातून हिसकून घ्यावं. पेटीच्या तोंडाशी ती जरा थांबली, मागं न बघता. मग टाकलं तिनं.

बाईंचं पोस्टकार्ड आलं. रागाचा शब्द नव्हता, त्यानं मी जास्तच भ्यालो. लिहिलं होतं, भिंत फोडून काम सुरू कर, पण सळया वळवू नको, मी येईन तोपर्यंत टोकं उघडी ठेव. मी राहिलेलं छप्पर गावादेखत उतरवलं, चारी बाजूंचे थर फोडले. मामा येऊन उभा राहिला, तंबाखू मळली आणि गेला. बिगारी हसायचे थांबले तेव्हा मला कळलं की त्यांना माझी कीव येतेय.

बाई आल्या, पलंग आणि भांडी टेम्पोत घेऊन. सामान उतरायच्या आधी शिडी मागितली. पदर खोचला आणि वर चढल्या. मी खाली शिडी धरून. एकेक सळई दोन्ही हातांनी धरायच्या आणि गदागदा हलवायच्या, वर ओढायच्या, बाजूला रेटायच्या. एक झाली की उतरून शिडी पुढं. एवढ्या सळया मी पुरल्या होत्या, सगळ्या माझ्या हातच्या, सिमेंटात हातभर खोल, तरी प्रत्येकीला मी शिडी आवळून धरायचो, वाटायचं ही निघून येईल. बाई अजून दुसऱ्या भिंतीला होत्या तेव्हा मी आत डोकावलो. हौसा उघड्या आभाळाखाली, बरोबर पश्चिमेच्या पडवीत, पाय पसरून बसली होती आणि सळयांकडं तिचं लक्षही नव्हतं. तिनं तिथं चूल मांडायला घेतली होती. बाई सगळ्या भिंती फिरून खाली आल्या, हाताचा गंज साडीला पुसला आणि म्हणाल्या, "वळव आता. आणि वळवताना पान उघडून ठेव." मग त्या आत गेल्या. छप्पर चढलं, बाई आम्हा दोघांना जेवायला बोलवायच्या, तरी मी त्या घरात बसायचो ते उंबऱ्याच्या बाहेरच. आतून हौसा हाक मारायची. आमची लेक तिथं रांगायला लागली, तेव्हा कुठं मी आत जाऊन बसलो.